पायांचा रंग

४ फेब्रुवारी

नकाशाचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. कालच्या सभेला पाच जण होते, त्यातले दोघं चहासाठी आले होते. आमच्या पक्षी मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे समोरच्याला उत्तर देता येत नसताना बोलत राहायची त्यांना सवय आहे. त्यांनी जाहीर केलं, की मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात, तेव्हा जिल्ह्यात दिसलेल्या दुर्मीळ पक्ष्यांचा एक मोठा, भिंतीवर लावायचा नकाशा काढायचा. चाळीस ठिपके, चाळीस नोंदी. खाली पक्ष्याचं नाव, तारीख, पाहणाऱ्यांची नावं. नोंदी निवडायच्या मी, ठिपके द्यायचे मी आणि नकाशाही मीच काढायचा. "तुमच्याइतकं काटेकोर आपल्यात आहे कोण?" म्हणाले. तीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे गिरवले, त्याचं हे बक्षीस.

नाही म्हणणार होते. पण नाही म्हणून घरी जाऊन करायचं काय, हाही प्रश्न होताच.

अठ्ठावीस तारखेला छापखान्यात द्यायचं आहे.

७ फेब्रुवारी

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मंडळाची खोली. एक टेबल, एक खिडकी, दोन पत्र्याच्या पेट्या. एकीवर 'मान्य', दुसरीवर 'अमान्य'. मान्य पेटीत तीनशे बारा अर्ज निघाले. चार दिवस वाचतेय.

नियम माझेच आहेत, मंडळाची नोंदपाल झाले तेव्हा, पंधरा वर्षांपूर्वी मीच घालून दिलेले. निदान दोघांनी पक्षी पाहिलेला हवा. एकट्याने पाहिला असेल, तर अर्जातला एकही रकाना रिकामा चालणार नाही: चोच, डोळा, शेपटी, पायांचा रंग, किती वेळ दिसला, कशातून पाहिला. आणि स्वतः पाहिलेलंच लिहायचं, ऐकीव नाही. लोक मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं, आणि नकाशावर एकदा ठिपका पडला की तो पुसायला कोणी येत नाही.

डॉक्टरांचा स्वतःचा एक गरुड आहे. बावीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या गच्चीवरून, एकट्याने, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मधून पाहिलेला. तो नकाशावर यावा अशी त्यांची इच्छा आहे. तसं ते बोलले नाहीत, पण गच्ची नकाशात नेमकी कुठे येईल ते दोनदा विचारून गेले.

आज बोललेली माणसं: एक (डॉक्टर). दूधवाला धरला तर दोन, पण तो बोलला नाही, मीच बोलले.

११ फेब्रुवारी

एकोणीस ठिपके पक्के झाले. कागदावर जिल्हा बरा दिसायला लागलाय. तलावाच्या काठाला गर्दी, टेकडीवर चार, नदीच्या वळणावर तीन.

आज आठवलं, यंदा चिमणीवाल्याचा अर्ज आला नाही. हा एक वेगळाच त्रास. दर वर्षी जानेवारी संपता संपता टपालाने मंडळाचा छापील अर्ज येतो, दुर्मीळ पक्ष्यांचा, आणि आत कोण, तर चिमणी. नाव नाही, 'दोन नागरिक' एवढंच. पत्ता म्हणून पोस्टपेटीचा क्रमांक. शिक्का ताईच्या गावचा असतो. त्या गावात असा कोणी चक्रम असेल तर ताईला नक्की माहीत असेल, पण विचारणार कोण?

बरं, एकही रकाना रिकामा नाही. चिमण्यांची संख्या चार. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं. पायांचा रंग: फिकट तपकिरी, डावा व उजवा सारखेच. एका वर्षी लिहिलं होतं, 'पाय पिसांखाली झाकलेले, पण असावेत.' आणखी एका वर्षी, 'पाय दोन्ही तपासले.' चिमणी पाहायला निरीक्षक दोन! मी दर वर्षी मंडळाची छापील चिठ्ठी उलट टपाली पाठवते: 'पक्षी सामान्य आहे. नोंद अनावश्यक. आपल्या सहकार्याबद्दल आभार.' तरी पुढच्या वर्षी पुन्हा हजर. माझा वेळ काय रस्त्यावर पडलाय?

यंदा नाही आला. कटकट गेली.

१२ फेब्रुवारी

येता जाता टपालपेटी बघितली. विजेचं बिल आणि वाचनालयासाठी एक मासिक.

१५ फेब्रुवारी

छापखानेवाले येऊन कच्चा नकाशा बघून गेले. पक्ष्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण कागदावरची रिकामी जागा त्यांना सहन होत नाही. उत्तरेच्या मोठ्या मोकळ्या भागावर तळहात ठेवून म्हणाले, इथे काहीच नाही, नकाशा टकला दिसेल. इथे पक्षी नाहीत का?

म्हटलं, पक्षी आहेत हो, बघणारी माणसं नाहीत. तलावाला बसचा थांबा आहे म्हणून तिथे ठिपके आहेत.

बोलून गेले आणि मग बराच वेळ तेच डोक्यात राहिलं. पस्तीस ठिपके झालेत, आणि प्रत्येकाच्या खाली दोन-दोन, तीन-तीन नावं. नवराबायको आहेत, बापलेक आहेत, एका शाळेतले तीन मास्तर आहेत. माझं नाव एकाही ठिपक्याखाली नाही. मी गेली अकरा वर्षं एकटीच फिरते. मला काही दिसलं तर ते खरं होतं, हे सांगायला शेजारी कोणी नसतं. मी स्वतःचे सहा अर्ज स्वतःच अमान्य केलेत. त्याचं वाईट वाटत नाही असं लिहिणार होते, पण ही वही मी कोणाला दाखवत नाही, तेव्हा इथे तरी खरं लिहावं. वाटतं.

उत्तरेच्या त्या रिकाम्या जागेत जुनी मिठागरं होती. आता तिथे गोदामं आहेत.

१६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी फोन करून सुचवलं, की उत्तरेसाठी अमान्य पेटीतली एखादी नोंद 'जरा मोठ्या मनाने' बघा. ताकीद दिल्यासारखं नाही, दाढ काढण्याआधी बोलतात तसं गोड बोलले. मला काय निघणार ते माहीत होतं. तरी पेटी उघडली.

ताईचा अर्ज तिसऱ्या गठ्ठ्यात होता. अकरा वर्षांपूर्वीचा, चौदा डिसेंबरचा. जागा, जुनी मिठागरं. पक्षी, उचाट.

उचाट म्हणजे काळापांढरा, उंच पायांचा, पाण्याकाठचा पक्षी. चोच टोकाला वर वळलेली. आपल्या जिल्ह्यात आजवर एकदाही मान्य झालेला नाही. त्याच्यासारखाच दिसणारा शेकाट्या मात्र डबक्याडबक्यावर असतो. त्याची चोच सरळ आणि पाय लाल. लांबून दोघांत गल्लत ठरलेली. म्हणून पायांचा रंग महत्त्वाचा.

ताईने लिहिलं होतं: 'चोच लांब, बारीक, वर वळलेली. स्पष्ट दिसली. नंतर उडाला.' पायांचा रंग, रिकामा. कशातून पाहिला, 'साध्या डोळ्यांनी. दुर्बीण बहिणीकडे होती.' दुसरा निरीक्षक या रकान्यात माझी सही आणि माझ्याच अक्षरात, 'पक्षी पाहिला नाही.'

खाली लाल शिक्का. शेरा माझा: 'पायांचा रंग नमूद नाही. शेकाट्या असण्याची शक्यता. अमान्य.'

शिक्का मारून मी तिला छापील चिठ्ठी पाठवली होती. सख्ख्या बहिणीला. 'आदरणीय निरीक्षक' असा मायना असलेली. मला वाटलं होतं, नियम सगळ्यांना सारखा, ताईला तर पटेलच, मला पक्षी ओळखायला तिनेच शिकवलं. चिठ्ठीचं उत्तर आलं नाही. महिन्याभराने एक पार्सल आलं, आत बाबांची जुनी दुर्बीण, जी तोपर्यंत तिच्याकडे असायची. सोबत एक ओळसुद्धा नाही. मी काय समजायचं ते समजले. पोचल्याचं मीही कळवलं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. भाचीच्या लग्नात समोरासमोर आलो, तेव्हा दोघींनी हवेबद्दल दोन वाक्यं बोलून वेळ मारून नेली.

'दुर्बीण बहिणीकडे होती.' म्हणजे दोष माझा! तेव्हाही हे वाक्य टोचलं होतं, आजही टोचलं.

१७ फेब्रुवारी

खोलीवर गेले नाही. अंग कसकसतंय असं स्वतःला सांगितलं. जेवण उभ्यानेच उरकलं.

२० फेब्रुवारी

डॉक्टर स्वतः आले. मी ताईचा अर्ज दाखवला नव्हता, टेबलावरच राहिला होता. त्यांनी वाचला आणि म्हणाले, टाका की. उचाट म्हणजे नकाशाचा मुकुटमणी, शिवाय उत्तरेची रिकामी जागा भरून निघते. तपासायला कोण बसलंय?

मी म्हटलं, मी बसले आहे.

त्यांनी हात टेकले. जाताना दारातून मात्र जे बोलले ते दिवसभर कानात राहिलं. "बाई, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही तिथेच होतात. दुर्बीणही तुमच्याकडे. मग तुम्हाला पक्षी दिसला कसा नाही?"

हा माणूस दात उपटतो, तो असा.

२१ फेब्रुवारी

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. थंडी होती, बांध ओला होता, ताईचा निळा स्वेटर होता. ताई 'बघ' म्हणाली आणि मला पक्षी दिसला नाही, एवढंच शिल्लक आहे. अकरा वर्षं मी तेवढ्यावर उभी आहे.

टपालात काही नाही.

२२ फेब्रुवारी

सकाळी पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. माझ्या सगळ्या दैनंदिन्या तिच्यात आहेत. लिहिते सगळं, पण मागे वळून कधी वाचत नाही. अकरा वर्षांपूर्वीची वही तपकिरी पुठ्ठ्याची. चौदा डिसेंबर. जसंच्या तसं उतरवते:

'सकाळी ताईबरोबर मिठागरांवर. गार वारा. ताईला बांधापलीकडे काहीतरी दिसलं. दुर्बीण तिच्याच गळ्यात होती, पण तिने डोळ्याला लावलीच नाही. पट्टा काढला आणि माझ्या हातात कोंबली, बघ, बघ, आधी तू बघ, उडेल. माझा चष्मा मध्ये आला. चष्मा काढला तर दुर्बिणीचं चाक ताईच्या नंबरावर. फिरवेपर्यंत पक्षी उठला. शेवटी लव्हाळ्यामागे जाताना नुसते पाय दिसले, मागे लोंबणारे, निळसर राखी. पक्षी काही दिसला नाही. फार चिडचिड झाली. ताई हसत होती.'

निळसर राखी.

लाल नाही. शेकाट्याचे पाय लाल असतात, हे मी झोपेतही सांगेन. निळसर राखी पाय उचाटाचे. ते मी पाहिले होते, त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते, आणि महिन्याने तिच्या अर्जावर शिक्का मारला, की पायांचा रंग नमूद नाही.

मी खोटं लिहिलं नव्हतं. पूर्ण पक्षी दिसला नाही तर 'पाहिला नाही' असंच लिहायचं, हा नियम. पण ताईने चोच पाहिली होती आणि मी पाय. दोघींनी मिळून अख्खा उचाट पाहिला होता. मला तो एक अर्ज वाटला नाही, दोन अर्धे वाटले.

आणि ते वाक्य. 'दुर्बीण बहिणीकडे होती.' ती तक्रार नव्हतीच. रकान्यात विचारलं होतं, तिने खरं ते लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा उचाट समोर आला असताना तिने गळ्यातली दुर्बीण काढून मला दिली होती, आणि म्हणून तिला पाय दिसले नव्हते.

ट्रंकेशेजारी जमिनीवर किती वेळ बसले ते माहीत नाही. गुडघे आखडले म्हणून उठले.

२३ फेब्रुवारी

खोलीवर जाऊन पायांच्या रंगाचा रकाना पुन्हा वाचला. रिकामाच होता. आणि एकदम चिमणीचे पाय आठवले. कपाटाच्या तळाशी 'इतर' लिहिलेला खोका आहे, त्यातून चिमणीवाल्याचे सगळे अर्ज काढले. मोजले. दहा. पहिला, माझ्या चिठ्ठीनंतरच्या पुढच्याच जानेवारीतला.

फिकट तपकिरी, डावा व उजवा सारखेच. पाय दोन्ही तपासले. पाय पिसांखाली झाकलेले, पण असावेत.

अक्षर तिचं नाही. पण ही चेष्टा तिचीच. लहानपणी मी तिच्यावर रुसले की ती अशीच करायची, समजूत काढायला येत नसे, दारातून काहीतरी वेडंवाकडं बोलून पळून जायची, मी हसेपर्यंत. दहा वर्षं ती दारात येऊन गेली. आणि मी दहा वेळा तिला कळवलं, नोंद अनावश्यक, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

रडले. खाली वाचनालयात ऐकू जाईल म्हणून खिडकी लावून घेतली.

यंदाचा का आला नाही?

२४ फेब्रुवारी

नियमाप्रमाणे अमान्य नोंद पुन्हा उघडायची तर नव्या अर्जावर दोन्ही निरीक्षकांच्या सह्या लागतात. मी माझा भाग भरला: 'फक्त पाय दिसले. निळसर राखी.' त्याखाली लिहिलं, की ही माहिती नोंदपालाकडे अकरा वर्षं होती आणि नोंदपालाने ती पाहिली नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं कशाला लिहिता? म्हटलं, रकाना आहे.

सही टपालाने मागवता आली असती. पण टपालाचा भरवसा नाही आणि अठ्ठावीस तारीख तोंडावर आली आहे. तेव्हा स्वतः जाऊन सही घेऊन येणंच सोयीचं. सही झाली की संध्याकाळच्या बसने परत.

२६ फेब्रुवारी

पिशवीत अर्ज, दोन पेनं, शाईचं पॅड, दुर्बीण. दुर्बीण कशाला घेतली कोण जाणे. वाटेत काही दिसलं तर असावी. बसला चार तास लागतात. काय बोलायचं ते पाठ केलंय: नमस्कार, एका नोंदीसंदर्भात आले आहे.

२७ फेब्रुवारी

ताईच्या घरून लिहितेय. काल परत गेले नाही.

दार भावोजींनी उघडलं. केस सगळे पांढरे झालेत. मी पाठ केलेलं सगळं विसरले. "ये," म्हणाले, जसं काही मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले होते. मग दारातच, आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं. ताईचे डोळे गेलेत. एकदम नाही, बारा वर्षं कडेकडेने जात होते, गेल्या पावसाळ्यापर्यंत मधला एवढासा तुकडा उरला होता, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. कोणाला सांगायचं नाही, अशी तिची ताकीद होती. कोणाला म्हणजे मला.

मी विचारलं, ते अर्ज?

"ती सांगायची, मी लिहायचो. माझं अक्षर तुला ओळखू येणार नाही म्हणून." ते जरा हसले. "यंदा मी म्हटलं, मी बघतो चिमण्या, तू सही कर. तर म्हणे, एकट्याने पाहिलेलं तिथे घेत नाहीत, आणि मी न पाहिलेलं मी सांगणार नाही. तुम्ही दोघी बहिणी म्हणजे..." पुढे काय ते त्यांनी सांगितलं नाही, चहा ठेवायला आत गेले.

ताई खिडकीशी खुर्चीत होती. माझ्या पावलांवरून तिने ओळखलं असणार, कारण मान न वळवता म्हणाली, "चिठ्ठी द्यायला स्वतः आलीस होय?"

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. तिने हात पुढे केला आणि मी धरला. नंतर मी तिला माझी चौदा डिसेंबरची नोंद वाचून दाखवली, वहीच आणली होती. पायांपर्यंत आल्यावर तिने पुन्हा वाचायला लावलं. मी विचारलं, त्या दिवशी दुर्बीण मला का दिलीस?

"मला दिसला होता की नुसत्या डोळ्यांनी," ती म्हणाली. "तुला दिसायला हवा होता."

आणि नंतर पार्सलने पाठवली ती?

"त्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर जाणार. घरात पडून काय करणार होती ती? तुझे डोळे चांगले होते. लिहायला बसले चार वेळा, पण त्या चिठ्ठीचा राग होता ना. मग नुसतीच बांधून दिली."

मी ती दुर्बीण अकरा वर्षं शिव्या देत वापरली.

सही करताना मी तिचं बोट रेघेवर टेकवून दिलं. सही जरा चढत वर गेली. तिने विचारलं, आता लागेल का नकाशावर? म्हटलं, चाळिसावा ठिपका, उत्तरेला एकटाच, खाली नावं दोन. ती खूश झाली. डॉक्टरांच्या गरुडाची गोष्ट सांगितली तर टॉवेलांपाशी इतकी हसली, की भावोजी बघायला बाहेर आले.

आज सकाळी तिने मला सात वाजता उठवलं. खिडकीजवळ बसवून पिशवीतली दुर्बीण माझ्या गळ्यात घातली, पट्टा सारखा केला, आणि म्हणाली, आल्या असतील, बघ. आल्या होत्या. गजावर तीन आणि खाली कुंडीच्या काठावर एक. मी तिला सांगत गेले. नर दोन, माद्या दोन. नराच्या गळ्यावर काळा डाग, डोकं राखी, चोच जाड आणि आखूड. एक जण पिसं फुगवून बसलाय. ती डोळे मिटून ऐकत होती. मग भुर्रकन चारही उडाल्या.

"आणि पाय?" ताईने विचारलं.

पाय बघायचे राहून गेले होते.

"मग थांब आता," ती म्हणाली, "येतील परत."

छापखान्यात फोन करून दोन दिवस मागून घेतले. आम्ही खिडकीशीच बसून आहोत.